लेखकाने गप्प बसायचे

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे. वेळेअभावी बोलायचे राहून गेलेले दोन-तीन मुद्दे यात घातले आहेत.)



मला 'निवृत्तीनंतरचा माझा छंद' हा विषय दिला आहे. माझ्या आधी गच्चीवरच्या बागेबद्दल बोलणं झालं. त्या बागेतली वांगी आपण सगळ्यांनीच खाल्ली आहेत, त्यामुळे त्या भाषणाला पुरावा होता. माझ्या छंदाचं असं काही वाटता येत नाही. उलट त्याबद्दल आपल्या सोसायटीत थोडा संशयच आहे, हे मला ठाऊक आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता माझ्याकडे सहा माणसं येतात. त्यांत एक कॉलेजचा पोरगा, एक मुलगी, एक साठीच्या बाई, एक दुकानदार. सात वाजता जातात. मधल्या वेळात कधी भांडणासारखा आवाज येतो, कधी अगदी सामसूम असते. चौकीदाराने मला एकदा विचारलंच, "साहेब, भिशी आहे काय?"

भिशी नाही. आम्ही विज्ञानकथा लिहितो आणि एकमेकांच्या कथांची चिरफाड करतो. आमच्या गटाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही, अध्यक्षही नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला पावतीपुस्तक नसलेली संस्था पचायला जड जाते, पण गेली चार वर्षं ती चालू आहे.

विज्ञानकथा म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे ते परग्रहावरचे लोक, उडत्या तबकड्या? आमच्या घरातही हाच प्रश्न आला होता. आता एवढ्या मंडळींसमोर उभा आहे तर थोडं सांगून टाकतो, कारण मराठीत या प्रकाराचा इतिहास मोठा आहे आणि आपल्या मुलांना तो माहीत नसतो.

१९७३ साली आपल्या यवतमाळात मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर. मी तेव्हा बावीस वर्षांचा, पदवी हातात, नोकरी नाही, त्यामुळे वेळच वेळ. मी मंडपाच्या कडेला उभा राहून सगळं ऐकलं. कविता झाल्या, कथाकथन झालं, परिसंवाद झाले. विज्ञानकथेचा शब्दही माझ्या कानावर पडला नाही. लिहिणारे नव्हते असं नाही. भालबा केळकर होते, नारायण धारप होते, अंतरकरांचा 'नवल' हा अंक चवीने वाचला जायचा. पण संमेलनात बसायला खुर्ची मिळावी, अशी त्या लेखनाची पत नव्हती.

त्यानंतर दोनच वर्षांनी कराडच्या संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून एका तरुण शास्त्रज्ञाच्या विज्ञानकथेचं कौतुक केलं. तो शास्त्रज्ञ म्हणजे जयंत नारळीकर. त्या कथेमागची गोष्ट फार मजेची आहे. मुंबईला मराठी विज्ञान परिषद आहे, १९६६ साली स्थापन झालेली. ती विज्ञानकथांची स्पर्धा घ्यायची. नारळीकर अहमदाबादला एका परिसंवादाला गेले होते. तिथे एक कंटाळवाणं भाषण चालू होतं, तेव्हा समोरच्या कागदावर त्यांनी कथा लिहायला घेतली. (आत्ता कोणी तसं काही करत असेल तर मी हरकत घेणार नाही.) कथा झाली, पण स्पर्धेला स्वतःच्या नावाने पाठवायची नव्हती, कारण नाव बघूनच बक्षीस दिलं असं व्हायला नको. म्हणून त्यांनी आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी केली. ज. वि. ना. चं झालं ना. वि. ज., म्हणजे नारायण विनायक जगताप. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथा मंगलाताईंनी आपल्या हाताने उतरवून काढली. १९७४ च्या त्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं, आणि मग जगताप कोण हे उघड झालं.

पुढे २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष म्हणून हेच नारळीकर निवडले गेले. प्रकृतीमुळे त्यांना जाता आलं नाही. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यानंतरच्या आमच्या बैठकीत आम्ही कोणाचीच कथा घेतली नाही. प्रत्येकाने त्यांची एक कथा वाचून आणायची आणि आपल्या नेहमीच्या नियमाने तिच्यावर बोलायचं, असं ठरवलं. त्यांनाही सूट दिली नाही. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी एका कथेत पात्रं फार एकसारखी बोलतात असं सांगितलं, आणि मला वाटतं नारळीकरांना ते ऐकायला आवडलं असतं.

नारळीकरांच्या मागेपुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, अरुण साधूंची 'विप्लवा', असे बरेच आले. फोंडक्यांनी १९९३ साली नॅशनल बुक ट्रस्टसाठी भारतीय भाषांतल्या विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह काढला, त्यात मराठी कथा भरपूर आहेत. आपल्या भाषेत हे काम आहे, आणि चांगलं आहे. यादी इथेच थांबवतो, कारण मला चिरफाडीबद्दल बोलायचं आहे.

आपल्याकडे कोणी काही लिहिलं की दोनच प्रकार होतात. कविसंमेलन असेल तर 'वा, क्या बात है'. आणि घरी दाखवलं तर 'छान आहे, पण जरा जेवून घ्या आता'. दोन्हीत प्रेम आहे, मी नाही म्हणत नाही, पण लिहिणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आमच्या गटातले एक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांनी आम्हाला एक पद्धत सांगितली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात मिलफर्ड नावाचं छोटं गाव आहे. १९५६ साली डेमन नाइट आणि त्यांच्या मित्रमंडळींनी तिथे विज्ञानकथा लेखकांची बैठक सुरू केली. सगळ्यांनी गोल बसायचं. कथा आधीच वाचून यायचं. एकाने एका दमात आपलं मत सांगायचं, मग त्याच्या शेजारच्याने, असं फिरत जायचं. आणि ज्याची कथा आहे त्याने शेवटपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. १९६८ पासून क्लॅरियन नावाची कार्यशाळा याच पद्धतीवर चालू झाली. आपल्या देशातही २००९ साली कानपूरच्या आयआयटीत विज्ञानकथा लेखनाची तीन आठवड्यांची कार्यशाळा झाली होती. तर ही पद्धत फिरत फिरत आमच्या दिवाणखान्यात आली.

आम्ही तिच्यात आपली भर घातली. प्रत्येकाला तीन मिनिटं. घड्याळ माझ्याकडे. 'आवडली' आणि 'नाही आवडली' हे शब्द वापरायचे नाहीत. कोणत्या पानावर, कोणत्या ओळीपाशी काय झालं ते सांगायचं. लेखकाच्या घरादाराबद्दल, हेतूबद्दल विचारायचं नाही. कागदावर आहे तेवढंच. आणि चहा सगळ्यांचं बोलून झाल्यावर, आधी नाही, कारण चहा आला की माणसं गोड बोलू लागतात.

सुरुवातीला नारळीकरांचा कित्ता गिरवून आम्ही कथांवरची नावं काढून टाकत होतो. दोन महिन्यांत तो प्रकार बंद पडला. सात माणसांत काय लपणार? अभियांत्रिकीच्या मुलाच्या कथेत कुठून ना कुठून आपली शकुंतला यायचीच. त्याच्या पहिल्या कथेत यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला दारव्ह्याच्या पुढे एका धुक्यात शिरते आणि इंग्रजांच्या काळात निघते, कापसाच्या गाठी भरून. कल्पना बरी होती. पण गाडी स्टेशनातून बरोबर नऊ वाजता सुटते असं त्याने लिहिलं होतं. आमचे पोस्टातून निवृत्त झालेले सभासद एरवी फार बोलत नाहीत. ते म्हणाले, "काळातला प्रवास मले पटला. शकुंतला टाइमावर सुटली, थे काई पटलं नाई."

हसण्यावारी नेऊ नका, त्यात मुद्दा होता. विज्ञानकथेत वाचक तुम्हाला एक अशक्य गोष्ट उधार देतो. एकच. ती घेतल्यावर बाकी सगळं खरं, तपासून घेतलेलं पाहिजे. मी बँकवाला, मला ते असंच समजतं. एक कर्ज मंजूर झालं, आता हप्ते वेळेवर भरा. दुसरं कर्ज मागायला आलात तर पहिलंही बुडीत खात्यात जातं. आमच्या गटात 'दुसरं कर्ज' हा आता शिक्काच झाला आहे. कोणाच्या कथेत यंत्रही आहे, भानामतीही आहे आणि शेवटी स्वप्नही आहे, की कोणीतरी समासात लिहितं, 'दु. क.'

आता तो गप्प बसायचा नियम. बाहेरून बघणाऱ्याला तो शिक्षेसारखा वाटतो. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत हा नियम आणला तर काय होईल याची मी कधी कधी कल्पना करतो. पाण्याच्या टाकीचा विषय निघाला आहे, सगळे सभासद पाळीपाळीने तीन-तीन मिनिटं बोलताहेत, आणि सचिव शेवटपर्यंत गप्प! आपले सचिव हसताहेत, पण त्यांनी विचार करायला हरकत नाही.

माझी स्वतःची एक कथा सांगतो. २०५२ साल. शेतात जाऊन पीक कापून वजन करायची पद्धत बंद झाली आहे, उपग्रह वरून बघतो आणि गावाची पैसेवारी काढतो. इथे बसलेल्यांपैकी अनेकांचं गावाकडे शेत आहे, पन्नास पैशांच्या खाली आणि वर यात काय फरक पडतो हे तुम्हाला सांगायला नको. माझ्या कथेतल्या गावाची पैसेवारी येते पन्नास पूर्णांक शून्य एक. प्राध्यापकांनी आपल्या पाळीत विचारलं, "इतक्या उंचीवरून मोजणाऱ्या यंत्राचीच चूक दोन-चार पैशांची असेल. मग हा शून्य एक आला कुठून?" मला उत्तर माहीत होतं. कागदावर दोन दशांश स्थळं दिसली की साहेब लोक चूक विचारत नाहीत, म्हणून ती छापायची असा हुकूम आहे. हे मला लगेच बोलायचं होतं. पण नियम! मी ते उत्तर तोंडात धरून बसलो. माझी पाळी आली तेव्हा सांगितलं. प्राध्यापक म्हणाले, "मग तेच लिहा ना. कथा तीच आहे." शिक्षिकाबाई त्याहून रोखठोक. त्या म्हणाल्या, "वाचणाऱ्याच्या शेजारी तुम्ही थोडेच बसणार आहात समजावून सांगायला?"

त्यांनी पैसेवारीचा इतिहास सांगणारा परिच्छेद काढायलाही सांगितलं होतं. तो मी काढला नाही. सगळ्यांचं ऐकायचं, करायचं आपल्याला पटेल तेवढंच, हाही नियमच आहे. बाई अजून त्या परिच्छेदावरून मला टोमणे मारतात.

या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. विज्ञान त्यांचा विषय नाही. त्या कथेतल्या यंत्राकडे बघतच नाहीत, घराकडे बघतात. मंगळावर वसाहत झाली असेल तर विचारणार, "धुणी कुठे वाळत घातली?" पहिल्यांदा आम्हाला हसू आलं. मग लक्षात आलं की या प्रश्नाला उत्तर नसेल तर त्या वसाहतीत कोणी राहतच नाही, फक्त लेखकाच्या कल्पना राहतात.

आता ज्या एका कथेसाठी मी हा विषय घेतला तिच्याकडे येतो. कथा लिहिणारी मुलगी एम.एस्सी. झालेली, आपल्याच जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, इथे खोली घेऊन राहते. आणि गटात एक कृषी केंद्राचे मालक आहेत. बी-बियाणं, खत, औषधं विकतात. वाचन दांडगं, धारपांची पुस्तकं तोंडपाठ. दोघांचीही नावं सांगत नाही, त्यांना विचारून हे सांगतो आहे.

२०१७ चा पावसाळा तुम्हाला आठवत असेल. कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात भरती झाले. देशभरातून पत्रकार आले. आपण इथे राहणारी माणसं त्याबद्दल किती बोललो? मी तरी फार बोलल्याचं आठवत नाही. दुकानदार म्हणत, मजूर काळजी घेत नाहीत. गावाकडचे म्हणत, दुकानदाराने काय मिसळून दिलं देव जाणे. कंपनीवाले म्हणत, डब्यावर लिहिलेलं आहे. त्यापुढे बोलणं जात नसे, आणि गेलं तर भांडण.

त्या मुलीची कथा पुढच्या काळातली होती. सरकार कायदा करतं की फवारणी करणाऱ्या प्रत्येकाने छातीवर एक बिल्ला लावायचा. अंगात किती विष गेलं ते बिल्ला मोजतो आणि रंग बदलतो. आपल्या औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतात ना, हिरवा, निळा, पिवळा, लाल, तसेच रंग. बिल्ला लाल झाला की त्या माणसाला त्या हंगामात फवारणीचं काम देता येत नाही. कायदा मजुराच्या भल्याचा. पण काम नाही म्हणजे मजुरी नाही. मग लोक बिल्ला लाल होऊ नये म्हणून युक्त्या करतात, एकमेकांचे बिल्ले लावतात, आणि शेवटी एक बाप शाळेत जाणाऱ्या पोराचा बिल्ला मागून घेतो.

कथा वाचून मी अस्वस्थ झालो. बैठकीत पहिले दोघं बोलले ते हळू आवाजात, आणि दोघांनीही फक्त कौतुक केलं. मला वाटतं त्यांना वाईट बोलवत नव्हतं. माणसं खरोखर मेली आहेत, आणि आपण कोण पान तीनवरची ओळ सैल आहे म्हणणारे? माझं मत वेगळं आहे, ते मी इथेही सांगतो. दुःखाची कथा आहे म्हणून तिला सूट द्यायची, हा त्या दुःखाचा अपमान आहे. ती पक्की झाली पाहिजे, इतर कुठल्याही कथेपेक्षा जास्त पक्की, कारण ती खोटी आहे म्हणून झटकून टाकायला बाहेर पुष्कळ लोक टपलेले असतात.

शिक्षिकाबाईंनी कोंडी फोडली. त्यांनी विचारलं, "बिल्ला रात्री कुठे ठेवतात? आणि या बापाची बायको पान दोनपासून फक्त रडते आहे. औषध कालवायला पाणी कोण आणून देतं? तिच्या हाताला काही लागत नाही का? तिला बिल्ला का नाही?"

मग पाळी आली कृषी केंद्रवाल्यांची. मला भीती होती. ते उठून जातील किंवा डब्यावरच्या सूचना वाचून दाखवतील असं वाटलं. कथेत दुकानदार नव्हताच. औषध कुठून येतं ते लिहिलेलंच नव्हतं. ते थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले. मी घड्याळ लावलं होतं, पहिलं मिनिट तसंच गेलं.

मग म्हणाले, "पान पाच. बिल्ला छातीवर लावला आहे. छातीवर काही नाही येत. त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती. नळी वर धरून मारावं लागते, मग थे वरून तोंडावर येते. नाकात, डोळ्यात. आणि पाठीवरचा पंप गळते. पाठ भिजते, सदरा दिवसभर तसाच. छाती कोरडी राहते. तुमचा बिल्ला हिरवाच राहील. माणूस घरी येऊन पडते अन् बिल्ला हिरवा."

कोणी काही बोललं नाही. तीन मिनिटं झाली होती, मी घड्याळाकडे बघितलं नाही. ते पुढे म्हणाले, "एवढंच. पान पाच." आणि कागद उलटा करून ठेवला.

ऐकणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल. तोपर्यंत कथा अशी होती की चांगला कायदा आणि गरीब माणूस. आता ती अशी झाली की मोजमापच चुकीच्या जागी लावलं आहे, आणि सगळे मोजमापावर विश्वास ठेवताहेत. ज्याने ते बिल्ले बनवले तो कधी पऱ्हाटीत शिरलाच नव्हता. हा शोध त्या माणसाने दिला जो दुसऱ्या कुठल्याही बैठकीत स्वतःची बाजू मांडत बसला असता. आणि खरं सांगायचं तर त्याला तसं करण्याचा हक्कही होता. पण आमच्या नियमात बाजू मांडायला जागाच नाही, फक्त पान आणि ओळ आहे.

शेवटी मुलीला बोलायची पाळी आली. ती म्हणाली, "लिहून घेतलं." दुसरं काही नाही.

चहाच्या वेळी कृषी केंद्रवाले मला खिडकीपाशी घेऊन गेले आणि हळूच विचारलं, "साहेब, हिच्या घरचं कोणी होतं काय त्यात?" मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं, आजही नाही. विचारायचं नाही असं ठरलेलं आहे.

दोन महिन्यांनी तिने कथा पुन्हा लिहून आणली. बिल्ला शेवटपर्यंत हिरवा. बाईच्या हाताला बिल्ला नाही, कारण कायद्यात 'फवारणी करणारा' असा शब्द आहे आणि पाणी आणून औषध कालवणारी त्यात बसत नाही. रात्री बिल्ला देव्हाऱ्यात ठेवतात. आणि कथेत आता एक दुकानदार आला होता. तो उधारीवर औषध देतो, कारण उधारी दिली नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. तो हातमोजे फुकट देतो, आणि पुढच्या आठवड्यात तेच हातमोजे कोणीतरी बैलाच्या खुंट्यावर वाळत घातलेले बघतो. तो खलनायक नाही. पण ज्या दिवशी तो माणूस पडतो त्या दिवशी दुकान संध्याकाळी नेहमीच्याच वेळेला बंद होतं, एवढं एक वाक्य तिने लिहिलं आहे.

त्या बैठकीत कृषी केंद्रवाल्यांची पाळी शेवटची आली. आम्ही सगळे आपापल्या कागदाकडे बघत होतो. ते म्हणाले, "पान चारवर 'कीटकनाशक' चुकीचं छापलं आहे, पहिली वेलांटी दीर्घ पाहिजे. बाकी मला काही म्हणायचं नाही."

त्यानंतर ते दोन बैठकांना आले नाहीत. फोन केला तर हंगाम आहे म्हणाले, आणि हंगाम खरंच होता. तिसऱ्या बैठकीला आले, स्वतःची कथा घेऊन. तीवर आम्ही चांगलेच तुटून पडलो. सगळ्यात जास्त ती मुलगी. तिने पान दोनपासून पान नऊपर्यंत बारा ठिकाणं काढली. ते गप्प बसून लिहून घेत होते, आणि चहाच्या वेळी तिला म्हणाले, "बारावं मला मान्य नाही." त्यावर दोघं साडेसातपर्यंत भांडले. चौकीदाराला आवाज गेला असेल तर तो त्या दिवशीचा.

मुलीची कथा एका दिवाळी अंकाला पाठवली होती, ती 'साभार परत' आली. आता मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवायची असं तिच्या मनात आहे. मी तिला नारायण विनायक जगतापांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "काका, मी माझ्याच नावानं पाठवीन."

२०१९ च्या जानेवारीत आपल्या समता मैदानावर पुन्हा संमेलन भरलं, तेव्हा त्याचं उद्घाटन आपल्याच जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातल्या वैशाली येडे या भगिनीने केलं होतं. तिच्या नवऱ्याने आत्महत्या केली होती. त्या मंडपात आपल्यापैकी पुष्कळ जण होते. मीही होतो, या वेळी कडेला उभा नाही, ज्येष्ठ नागरिक म्हणून खुर्ची मिळाली होती. ती बोलत असताना माझ्या मनात आलं होतं की हे ऐकून टाळ्या वाजवणं सोपं आहे, यावर आपल्याला काही विचारता आलं पाहिजे. कसं विचारायचं ते तेव्हा कळलं नव्हतं. गट त्यानंतर दोन वर्षांनी जमला.

आता थोडं कामाचं. माझ्या दिवाणखान्यात सातच्या वर माणसं मावत नाहीत आणि गुडघ्यांमुळे मला खुर्च्या हलवणं जमत नाही. म्हणून सोसायटीचा हॉल महिन्यातून एकदा तीन तास मिळावा असा अर्ज मी कार्यकारिणीकडे दिला होता. त्यावर दोन सभासदांनी बाहेरच्या माणसांबद्दल हरकत घेतली, ती नियमाला धरूनच होती. मी उपविधी वाचून दाखवले, त्यांनीही वाचून दाखवले. शेवटी कार्यकारिणीने ठराव केला की भाडं भरावं, खुर्च्या जागेवर लावाव्यात आणि सात वाजता दिवे बंद करावेत. तिन्ही अटी मला मान्य आहेत. कार्यकारिणीचे मनापासून आभार.

तेव्हा पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी चार वाजता, तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. सोसायटीतल्या कोणालाही येऊन बसता येईल, मुलांना जरूर पाठवा. कथा अभियांत्रिकीच्या मुलाची आहे, शकुंतला तिच्यातही आहे, हे आधीच सांगून ठेवतो. प्रती चौकीदाराकडे आठ दिवस आधी ठेवलेल्या असतील. वाचून या, पेन्सिल आणा. न वाचता आलात तरी चालेल, पण मग बोलता येणार नाही. आणि बी विंगमधल्या काकूंनी विचारलं होतं म्हणून सांगतो, चहा साडेसहाला.